लिफ्ट दिलेल्या जिप्सीसाठी प्रॉपेलर शाफ्ट: मोजमापापासून बॅलन्सिंगपर्यंत

गाडी उचलली की बहुतेक जण आधी टायर बघतात, मग शॉकअब, आणि शाफ्टची, म्हणजे गिअरकडून अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या फिरत्या पाइपाची, आठवण होते ती पन्नासच्या वेगाला गाडी थरथरायला लागल्यावर. मग जुना शाफ्ट काढून लेथवाल्याकडे नेतात आणि सांगतात, ‘एक इंच वाढवून दे.’ तो देतोही. थरथर मात्र जात नाही, कारण दोष लांबीत नसतो, कोनात असतो. लिफ्टच्या कामात शाफ्ट सगळ्यात शेवटी बनवायचा. आधी पाटे (सस्पेन्शनच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसू द्यायचे, पिनियनचा (शाफ्टचा जोर अ‍ॅक्सलमध्ये घेणाऱ्या गिअरच्या दांड्याचा) कोन पक्का करायचा आणि मगच पाइप कापायचा. हा क्रम पाळला तर शाफ्ट एकदाच बनवावा लागतो.

इथे उदाहरणाला मारुती जिप्सी घेतली आहे. दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे, २३७५ मिमीचा आखूड व्हीलबेस आणि गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर देणारी पेटी) अशी तिची रचना आहे. पाटे अ‍ॅक्सलखालून काढून अ‍ॅक्सलवर बसवले, म्हणजे ‘स्प्रिंग-ओव्हर’ केलं, की गाडी साधारण १२५ मिमी वर जाते. हेच गणित पाट्याच्या कुठल्याही फोर-बाय-फोरला लागू पडतं, फक्त आकडे तुमच्या गाडीचे घाला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. त्यामुळे अशी गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर नेणं हाच सरळ मार्ग.

कोनाचं गणित

साधा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, वळू देणारा सांधा) कोनात फिरतो तेव्हा पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. ३ अंशांत हा चढउतार जेमतेम ०.१४ टक्के असतो, १२-१३ अंशांत तो अडीच टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे भाग) एका रेषेत असले तर दुसरा क्रॉस पहिल्याचा चढउतार खोडून काढतो. पण मधला पाइप स्वतः हिसके खातच राहतो. म्हणून कोन सारखे असूनही फार मोठे असले, तर वेगात कंप येणारच.

किती कोन चालतो, हे शाफ्टच्या फेऱ्यांवर ठरतं. स्पायसर या शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा प्रचलित तक्ता असा: ३००० फेऱ्यांना सुमारे ५.८ अंश, २५०० ला ७, २००० ला ८.७ आणि १५०० ला ११.५. आता आपली गाडी बघा. ३१ इंची टायर जमिनीवर एका फेरीत साधारण २.४ मीटर जातो. ८० किमी वेगाला चाक मिनिटाला ५५५ फेऱ्या घेतं. डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं) प्रमाण ४ धरलं तर शाफ्ट २२०० च्या पुढे फिरतो, म्हणजे मर्यादा आली ८ अंशांच्या आसपास.

समजा, मागच्या शाफ्टची लांबी क्रॉसच्या मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत ९०० मिमी आहे, उतार ५ अंश आहे, आणि ट्रान्सफर केस व पिनियन दोन्ही आडव्या रेषेत आहेत. दोन्ही टोकांच्या उंचीतला फरक ७८ मिमी. १२५ मिमी लिफ्टनंतर तो २०३ होतो, उतार १२.७५ अंश आणि लांबी ९१९. लांबी वाढली फक्त १९ मिमी, पण कोन अडीचपट झाला. रस्त्यावरच्या वेगाला हा कोन चालत नाही.

इथे दोन वाटा फुटतात.

गाडी ट्रेलरवरूनच न्यायची आणि ट्रॅकवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालवायची असेल, तर दोन साध्या क्रॉसचा शाफ्ट आणि पिनियन ट्रान्सफर केसला समांतर, एवढं पुरतं. स्वस्त पडतं, सुटे भाग कुठेही मिळतात.

गाडी थोडीही वेगात चालणार असेल तर ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन, म्हणजे मध्ये सेंटरिंग बॉल असलेला जोडक्रॉस, लावा. तो स्वतःचा चढउतार स्वतःच खोडतो. मग खालच्या टोकाला कोन जवळपास नको असतो, म्हणून पिनियनचं नाक वर वळवून थेट शाफ्टच्या दिशेला करायचं. पूर्ण सरळ मात्र नाही. गॅस दिला की पाटे पिळतात आणि पिनियन वर उचलला जातो, म्हणून उभ्या गाडीत तो शाफ्टच्या रेषेपेक्षा २ अंश खाली ठेवा. स्प्रिंग-ओव्हरमध्ये पाटे जास्तच पिळतात, तेव्हा मऊ पाटे असतील तर ३ अंश ठेवा. पिळणं फार असेल तर अ‍ॅक्सलवरून चासीला ट्रॅक्शन बार (पिळणं रोखणारा दांडा) लावल्याशिवाय कुठलाच शाफ्ट टिकणार नाही.

पिनियन वळवला की त्याचं टोकही वर येतं आणि उतार आपोआप कमी होतो, हे लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ लोक पिनियन गरजेपेक्षा जास्त वळवून बसतात. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून खालच्या क्रॉसचा मध्य २८० मिमीवर असेल, तर पिनियन ८.२५ अंश वळवल्यावर क्रॉस ४० मिमी वर येतो. फरक २०३ वरून १६३ वर, उतार १०.२५ वर आणि लांबी ९१४ वर येते. पिनियन त्या रेषेच्या बरोबर २ अंश खाली. १२.७५ मधून २ वजा करून पावणेअकरा अंश वळवले असते, तर पिनियन रेषेच्या वर गेला असता.

पिनियन वर गेला की पुढच्या पिनियन बेअरिंगला तेल कमी पोहोचतं. आठ अंशांच्या आसपास वळवला असेल तर डिफरन्शियलमध्ये तेल नेहमीच्या पातळीपेक्षा थोडं जास्त ठेवा. त्यासाठी गाडीचं मागचं टोक किंचित उचलून भरतात.

स्प्रिंग पॅड वेल्ड करण्याआधी

नवे पॅड (पाट्याच्या बैठका) अ‍ॅक्सलवर नुसते ठेवा, यू-बोल्ट हलके आवळा आणि गाडी चाकांवर उभी करा. टाकी भरलेली, स्टेपनी, विंच, टूलबॉक्स जागेवर, आणि पुढे दोन माणसांचं वजन. गाडी पुढेमागे ढकलून पाटे बसू द्या. मग पिनियनच्या फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जोडायच्या तबकडीच्या) उभ्या तोंडावर चुंबकाचं डिजिटल अँगल गेज लावून कोन घ्या. तसंच ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर. कोन जमला की पॅडला चार-चार टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा, पुन्हा मोजा आणि मगच अ‍ॅक्सल काढून पूर्ण वेल्ड करा. अ‍ॅक्सलच्या नळीवर एकाच जागी लांब वेल्ड ओढला तर नळी वाकते आणि आतल्या हाफ शाफ्टचं (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) सील गळायला लागतं. तीन सेंटिमीटरचे तुकडे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये हात लागेल इतकं थंड होऊ द्यायचं.

जिप्सीत मोजण्याआधी ट्रान्सफर केसचे तीन रबर माउंट बघा. एक फाटलेला असला तरी केस तिरकी बसते आणि तुमचा कोन खोटा ठरतो. गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस हा छोटा शाफ्ट लिफ्टमुळे बदलत नाही, कारण त्याची दोन्ही टोकं चासीवरच आहेत. त्याला हात लावायची गरज नाही.

नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत खाली बसतात. शक्य असेल तर जुन्या शाफ्टवर स्पेसर टाकून गाडी हळू फिरवा आणि पाटे बसल्यावरच अंतिम माप घ्या.

लांबी तीन जागी मोजायची

शाफ्ट काढण्याआधी चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा. शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी थांबत नाही, आणि ज्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो तिथे हँडब्रेकही निकामी होतो.

माप तीन स्थितींत घ्या: गाडी स्वतःच्या वजनावर, अ‍ॅक्सल बंपस्टॉपला (त्याला वर थांबवणाऱ्या रबराला) टेकलेला, आणि चासी स्टँडवर ठेवून अ‍ॅक्सल पूर्ण लोंबता. प्रत्येक वेळी क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत. फ्लँजपासून फ्लँजपर्यंत मोजलं तर तसं लिहून ठेवा, कारण लेथवाल्याला एक माप सांगून दुसरं समजलं की ४०-५० मिमीची गफलत होते. वरचं उदाहरण पुढे नेलं तर १०० मिमी वर दाबल्यावर लांबी ९०२ होते, १५० मिमी लोंबल्यावर ९५२. म्हणजे १२ मिमी आत आणि ३८ मिमी बाहेर, एकूण ५०.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात पाटा दबला की सपाट होतो, लांब होतो आणि अ‍ॅक्सलला शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या हलत्या कडीच्या) बाजूला ढकलतो. मागच्या पाट्याचं पुढचं टोक स्थिर आणि शॅकल मागे असल्याने अ‍ॅक्सल मागे जातो. हा १०-१५ मिमीचा फरक कागदावर धरता येत नाही, म्हणून गाडीखालीच मोजा.

आता स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या स्लिपमधले (एकात एक सरकणाऱ्या भागातले) दाते. पूर्ण दबलेल्या स्थितीत निदान २५ मिमी जागा उरली पाहिजे, नाहीतर एखाद्या उडीत शाफ्ट तळाला टेकतो आणि ट्रान्सफर केसचं बेअरिंग नाहीतर केसचं कवचच फोडतो. पूर्ण लोंबल्यावर स्प्लाइन त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आत हवी, म्हणजे ३५ मिमीच्या स्प्लाइनला सुमारे ५२ मिमी. आपल्या उदाहरणात गाडी उभी असताना स्लिप पूर्ण बंद स्थितीपासून १२ अधिक २५, म्हणजे जवळपास ४० मिमी बाहेर ठेवायची. पूर्ण लोंबल्यावर ती ७८ मिमी बाहेर येईल. बंद असताना १३० मिमी पकड असलेली स्प्लाइन इथे बरोबर पुरते. मूळ शाफ्टची स्प्लाइन यापेक्षा आखूड निघाली तर लांब प्रवासाची स्लिप घ्या किंवा लिमिट स्ट्रॅप लावून अ‍ॅक्सलचं लोंबणं रोखा. पूर्ण लोंबताना वरच्या डबल कार्डनचा कोन १९ अंशांपर्यंत जातो, तेव्हा स्ट्रॅप तसाही लावलेला बरा.

क्रॉस आणि पाइप कोणता

जोर किती येतो ते काढू. जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन मीटर. पहिला गिअर ३.६५, ट्रान्सफर केस लो मध्ये २.२६८. गुणाकार होतो ८५० च्या आसपास. फोर-लो मध्ये हा जोर पुढेमागे वाटला जातो असं वाटतं, पण मध्ये डिफरन्शियल नसतं. चढावर पुढची चाकं हवेत गेली की सगळा जोर एकट्या मागच्या शाफ्टवर येतो. म्हणून पूर्ण ८५० धरा आणि वर झटक्यासाठी दुप्पट क्षमता ठेवा.

स्पायसर १३१० मापाचा क्रॉस (टोकावरचा बेअरिंगचा कप २७ मिमी, रुंदी ८१.८ मिमी) थोड्या वेळासाठी साधारण हजार न्यूटन मीटर सहज घेतो, आणि त्याची तुटण्याची मर्यादा याच्या बरीच वर आहे. जिप्सीला तो पुरतो. मोठं डिझेल इंजिन टाकलं असेल तर १३५० घ्या. त्याचा कप ३०.२ मिमी आणि रुंदी ९२.१. १३३० चा कप १३१० इतकाच आहे, फक्त रुंदी वाढलेली आहे, त्यामुळे तो घेऊन फार काही साधत नाही. क्रॉस घेताना सलग भरीव बॉडीचा घ्या. आतून ग्रीसची भोकं असलेला क्रॉस त्या भोकापाशीच तडकतो. पण पाण्यात-चिखलात गाडी जाणार असेल तर ग्रीस भरता येणारा बरा, कारण पाणी शिरलेला क्रॉस महिनाभरात कपातल्या बेअरिंगच्या सुया खाऊन बसतो. कोकणातल्या पावसाळी ट्रॅकसाठी ग्रीस निपलवाला, दगडांच्या कामासाठी भरीव.

पाइपला सीईडब्ल्यू, म्हणजे वेल्ड करून नंतर थंड ओढलेला, आयएस ३०७४ चा मागा. भंगारातला पाण्याचा पाइप किंवा साधा ब्लॅक पाइप कधीही नको. त्याची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असते आणि तो कधीच बॅलन्स होत नाही. ५० मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी भिंत असली तर ८५० च्या जोरात पिळाचा ताण ८५ मेगापास्कलच्या आसपास राहतो. ६३ मिमीला २ मिमी भिंत तितकाच जोर घेते आणि हलकी पडते, पण दगडावर घासली की चेपते, आणि चेपलेला पाइप पुढच्या झटक्याला पिळून जातो. खडकाळ ट्रॅकसाठी ५० मिमीलाच ४ ते ५ मिमी भिंत घ्या.

लांबलचक पिकअपला वेगळी अडचण येते. शाफ्ट एका विशिष्ट फेऱ्यांना मधोमध दोरीउडीच्या दोरीसारखा फुगतो. ती मर्यादा काढायला १२ कोटी गुणिले बाहेरच्या आणि आतल्या व्यासांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, भागिले लांबीचा वर्ग, सगळं मिमीत. ५०.८ चा ३ मिमीचा पाइप ९०० मिमी लांब असेल तर उत्तर १०,००० येतं, काळजीच नाही. तोच १५०० मिमी लांब असेल तर ३६००. त्याच्या पाऊण भागावर, म्हणजे २७०० वर, थांबायचं असतं, आणि १०० च्या वेगाला शाफ्ट तिथे पोहोचतो. अशा गाडीला ७६ मिमी पाइप घ्या, नाहीतर मध्ये सेंटर बेअरिंग देऊन दोन तुकडे करा.

लेथवर

जुन्या शाफ्टचे योक वापरायचे असतील तर जुना वेल्ड लेथवर काढून घ्या. कटर मशीनने तोडलं तर योकचा पाइपात बसणारा भाग बिघडतो. पाइप मधून कापून वर बाहेरून स्लीव्ह वेल्ड करायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. पूर्ण पाइप नवा टाका.

पाइपची दोन्ही तोंडं लेथवर काटकोनात घ्या. योकचा दांडा पाइपात घट्ट, हातोडीने ठोकून जाईल असा बसला पाहिजे. सैल बसला तर वेल्ड त्याला एका बाजूला ओढतो. पाइपची लांबी अशी: क्रॉस-मध्य ते क्रॉस-मध्य ९१४, त्यातून स्लिप ४० मिमी उघडलेली धरून तिचं माप वजा, आणि दुसऱ्या योकच्या खांद्यापर्यंतचं माप वजा.

योक एका रेषेत आणणं हे सगळ्यात नाजूक काम. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टला दोन्ही योकची भोकं एकाच प्रतलात हवीत. सपाट टेबलावर व्ही-ब्लॉकमध्ये शाफ्ट ठेवा, दोन्ही योकमधून सरळ सळई घाला आणि दोन्हींवर अँगल गेज लावा. एका अंशापेक्षा जास्त फरक नको. स्लिपच्या दोन्ही भागांवर सेंटर पंचने खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी एक दात चुकवून बसवलं की सगळी मेहनत वाया.

चार बाजूंना टॅक मारा आणि लेथच्या सेंटरवर डायल गेज लावून फिरवा. स्लिपच्या दांड्याला ०.१३ मिमी, वेल्डपासून ७५ मिमीवर ०.२५, मधोमध ०.३८, यापेक्षा जास्त डोलत असेल तर टॅक उंच बाजूने हलके ठोकून सरळ करा. मग सीओटू वेल्डिंगने ईआर७०एस-६ तारेचा सलग वेल्ड. पाव घेर एका बाजूला, मग समोरचा पाव. अर्थिंगचा चिमटा पाइपवरच लावा. तो दुसऱ्या टोकाच्या फ्लँजला लावला तर करंट क्रॉसच्या सुयांमधून जातो, सुयांवर बारीक खड्डे पडतात आणि नवा क्रॉस पहिल्या दिवसापासून खराब होतो. वेल्डच्या आधी क्रॉस काढून ठेवणं सगळ्यात उत्तम. वेल्डनंतर पुन्हा डायल लावा, पाण्यात बुडवून थंड करू नका.

डबल कार्डन दुसऱ्या गाडीचा असेल तर जिप्सीच्या ट्रान्सफर केससाठी मधली फ्लँज बनवावी लागते. शाफ्टला मध्यावर धरतो तो फ्लँजमधला गोल गळा. बोल्ट फक्त घट्ट दाबतात. हा गळा ०.०५ मिमीच्या आत बसला नाही तर कितीही बॅलन्सिंग करा, कंप राहतोच. भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत हे काम करणारे मिळतात, फक्त मूळ फ्लँज सोबत न्या, नुसतं चित्र नको.

बॅलन्सिंग आणि बसवणं

दोन्ही टोकांना वेगवेगळं वजन लावणारं डायनॅमिक बॅलन्सिंग करून घ्या. ट्रकचे प्रॉपेलर शाफ्ट दुरुस्त करणाऱ्यांकडे मशीन असतं, पण ट्रकसाठी ठेवलेली सूट जास्त असते. त्यांना जी-१६ मागा (ही बॅलन्सच्या अचूकतेची श्रेणी, आकडा लहान तितकी काटेकोर). जी-४० सर्वसाधारण मोटारींची पातळी आहे. डबल कार्डन आणि स्लिपसकट पूर्ण जोडलेला शाफ्टच मशीनवर चढवा.

बसवताना नवे १०.९ ग्रेडचे बोल्ट आणि निळं थ्रेडलॉक. यू-बोल्टवाल्या योकला जोर दाखवू नका: २० ते २३ न्यूटन मीटर पुरे, जास्त आवळलं की कप अंडाकृती होतो आणि सुया अडकतात. ग्रीस लिथियम ईपी, एनएलजीआय २. क्रॉसच्या चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारा. तीनच बाजूंनी आलं तर चौथ्या कपात गडबड आहे. स्प्लाइनमध्ये मात्र मोजकं. बंद टोकाच्या स्लिपमध्ये ग्रीस ठासलं तर ते दाबलं जात नाही, स्लिप आत जात नाही आणि पूर्ण धक्का ट्रान्सफर केसवर बसतो.

शेवटी गाडी स्टँडवर ठेवून अ‍ॅक्सल पूर्ण लोंबवा आणि शाफ्ट हाताने एक फेरी फिरवा. योकचे कान कुठे घासतात, एक्झॉस्ट किंवा क्रॉसमेंबरला पाइप लागतो का, ते बघा. कुठे अडलं तर कान ग्राइंडरने एक-दोन मिमीच घासा. जास्त घासावं लागत असेल तर कोन चुकलेला आहे.

पुढच्या शाफ्टचं गणित थोडं वेगळं. पुढचा पिनियन वर वळवला की किंगपिनही (चाक ज्याभोवती वळतं ती खिळी) वळतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग भटकायला लागतं. म्हणून पुढे कॅस्टर सांभाळा आणि शाफ्टचा कोन सोसा. फ्री-व्हील हब (चाक अ‍ॅक्सलपासून सुटं करणारे) उघडे असले की टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फिरतच नाही, त्यामुळे हे चालून जातं.

कंप आला तर

गॅस देताना थरथर आणि सोडल्यावर शांत: पिनियन वर उचलला जातोय, तो एक-दोन अंश खाली घ्या. उलट असेल तर वर घ्या. दोन्ही वेळी सारखा आणि ठरावीक वेगालाच येणारा कंप: बॅलन्स किंवा फ्लँजचा गळा. अगदी बारीक, जलद, गुणगुणल्यासारखा कंप, शाफ्टच्या दुप्पट वेगाने येणारा: कोन किंवा योकची रेषा. जागेवरून सुटताना दणका: पाटे पिळतायत. रिव्हर्स ते फर्स्ट बदलताना ‘ठक’: स्प्लाइन झिजली किंवा फ्लँजचे बोल्ट ढिले. हळू वेगाला चूं-चूं आणि वेग वाढला की ती जलद होते: कोरडा क्रॉस, त्याच दिवशी बदला. बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच संध्याकाळी क्रॉस, स्लिप आणि डबल कार्डनचा सेंटरिंग बॉल यांना ग्रीस मारा. त्या बॉलचा निपल आत दडलेला असतो, त्याला सुईसारखं टोक असलेली ग्रीस गन लागते. ती नसल्यामुळेच लोक तो सोडून देतात, आणि जोडक्रॉसमध्ये पहिल्यांदा तोच जातो.